मिरजेतलं एक डायलिसिस सेंटर : पाचपैकी साडेतीन तारे

हे परीक्षण मिरजेतल्या एका डायलिसिस सेंटरचं आहे. नाव घालत नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, डायलिसिसची सोयही बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे हे नेमकं कुठलं ते शोधत बसू नका. खाली काही बोचणाऱ्या गोष्टी लिहिल्यात, आणि परवा मला पुन्हा तिथेच खुर्चीत बसून हात पुढे करायचाय. सोळा नंबरची सुई ज्याच्या हातात, त्याच्याशी वैर परवडत नाही.

मी तासगावची. पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे कागद तारीखवार लावायची आणि आकडा दिसला की त्याच्या मागे जायची खोड आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी माझी पाळी.

या सेंटरला नेटवर तारे भरपूर पडलेत. ‘स्वच्छता उत्तम, स्टाफ प्रेमळ, एसी छान, टीव्ही आहे.’ सगळं खरं आहे. पण हेच चार शब्द एखाद्या लॉजबद्दलही लिहिता येतील. डायलिसिस सेंटरला मार्क द्यायचे तर किडनी काय काम करते आणि ते बंद पडल्यावर हे लोक त्यातलं किती करून देतात, हे बघायला हवं. धडधाकट माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडून बाकीचं परत रक्तात घेतात. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात आणि त्यांना सुट्टी नसते. आठवड्याचे तास १६८. मशीन आपल्याला देतं बारा, तीन दिवस चार-चार तास. हा ताळेबंद कधीच जुळणार नाही, हे आधी मान्य करायचं आणि मग त्या बारा तासांतलं एक मिनिटही कोणाला खाऊ द्यायचं नाही. माझं सगळं परीक्षण या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी पाणी. नवीन पेशंट खुर्च्या बघतात, मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारतात. मागच्या खोलीतला आरओ प्लँट कोणी बघत नाही. त्या पाण्यापासून केलेला द्रव मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आपण आठवडाभर पितो ते पाणी पंधरा लिटरही भरत नाही, आणि तेसुद्धा पोटातून, आतड्यातून चाळून रक्तात जातं. इथे रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातला, पातळ पडदा. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, हे सांगायला नको. नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरीनसुद्धा इथे घातक ठरतं, कारण ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावात डायलिसिसच्या पाण्यात शेवाळातलं विष आलं आणि पन्नासहून जास्त पेशंट दगावले. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. पाणी वाईट होतं.

या बाबतीत आमचं सेंटर नंबर एक. प्लँटच्या खोलीला काच आहे, बाहेरून सगळं दिसतं. भिंतीला अडकवलेल्या वहीत रोज सकाळी पाण्याचा जडपणा, क्लोरीन आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिहून खाली सही केलेली असते. मी मुद्दाम अधूनमधून ती वही चाळते. खाडाखोड नाही, एकाच पेनाने एकाच बैठकीत आठवडाभराच्या सह्या ठोकल्यात असंही नाही (हे मला ओळखता येतं, नोकरीच ती आहे). पाण्यातल्या जंतूंच्या तपासणीचा महिन्याचा रिपोर्ट मागितला तर तोंड वाकडं न करता हातात दिला. फक्त तो दर्शनी भागात लावत नाहीत. लावावा.

आता हात. माझ्या डाव्या मनगटावर फिस्टुला आहे. फिस्टुला म्हणजे हातातली शुद्ध रक्ताची धमनी ऑपरेशन करून शेजारच्या शिरेला जोडतात. धमनीचा जोर आला की शीर हळूहळू फुगते, जाड होते आणि जाड सुई सोसायला तयार होते. त्याला सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणून डॉक्टर ‘फिस्टुला करून घ्या’ म्हणाले की डायलिसिस अजून लांब असलं तरी करून घ्यावं. नाहीतर ऐनवेळी मानेतून नळी घालावी लागते, आणि त्या नळीतून जंतू सरळ रक्तात शिरायची भीती कायम डोक्यावर. फिस्टुलावर बोट ठेवलं की आत थरथर लागते, कानाजवळ नेला की लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू येते. सकाळी उठल्यावर ती घरघर आहे ना, एवढं बघायचं. या हातावर बीपी मोजायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, पिशवी अडकवायची नाही, बांगडी घालायची नाही. हळदीकुंकवाला गेलं की एका हातात बांगड्या आणि दुसरा मोकळा बघून बायका कुजबुजतात. कुजबुजू देत.

इथला सकाळच्या पाळीचा तंत्रज्ञ कोल्हापूरकडचा पोरगा आहे, तिशीच्या आतला. तो आधी हात धुतो, मग माझा हात मला धुवायला लावतो, मग पट्टा न बांधता नुसत्या बोटाने शीर चाचपतो. मागच्या वेळी टोचलेली जागा सोडून थोडं वर जातो. एकाच जागी रोज टोचलं की सोपं जातं, कारण ती जागा मऊ झालेली असते. पण तिथेच शिरेला फुगा येतो. घाईतला माणूस हमखास तीच जागा गाठतो. हा नाही. ‘ताई, दीर्घ श्वास,’ म्हणतो आणि आपण श्वास घेईपर्यंत पहिली सुई आत गेलेली असते. दुपारच्या पाळीतल्या एकाबद्दल मात्र लोक नाराज आहेत. त्याने एका आजींचा हात कोपरापर्यंत काळानिळा केलेला मी स्वतः पाहिलाय. त्यावर सेंटरचं उत्तर होतं, ‘त्यांच्या शिरा नाजूक आहेत.’ असतीलही. सकाळच्या पोराच्या हातात त्याच शिरा ठीक असतात, हेही खरं.

मला हा आजार कसा झाला, हे सगळे विचारतात, म्हणून एकदाच सांगते. पॉलिसिस्टिक किडनी. किडनीत पाण्याचे फोड होतात, वाढत जातात, आणि चांगल्या भागाला जागाच उरत नाही. हा बहुतेक वेळा वारशाने येतो. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. वडिलांना होता, मला आणि धाकट्या भावाला आला, मोठ्या बहिणीला नाही. पथ्य चुकलं, पाणी कमी प्यायलं, देवाचं राहिलं, यातलं काहीही कारण नाही.

माझ्या फायलीतला पहिला कागद मी एकोणचाळीस वर्षांची असतानाचा आहे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला एक कचरा, १.१. शेजारी लॅबने छापलेली मर्यादाही तेवढीच, म्हणून कोणी गोल केला नाही. पण वय आणि बाई-पुरुष धरून त्याच आकड्यावरून किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढली तर ती ६५ येते. तरुण निरोगी माणसाची नव्वदच्या वर असते. म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’ आणि आत जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला! क्रिएटिनिन हा आकडा असाच लबाड आहे. साधारण निम्मं काम गेलं तरी तो फारसा हलत नाही, आणि मग हलायला लागला की सुसाट. सेहेचाळिसाव्या वर्षी १.९ होता, म्हणजे क्षमता ३२-३३. एकोणपन्नासाव्या वर्षी ३.२, क्षमता १७. तेव्हा फिस्टुला केला. डायलिसिस सुरू झालं तेव्हा क्रिएटिनिन आठच्या वर आणि क्षमता सहाच्या आत होती. या आजाराच्या पाच पायऱ्या मोजतात: नव्वदच्या वर पहिली, साठपर्यंत दुसरी, तीसपर्यंत तिसरी, पंधरापर्यंत चौथी, त्याखाली पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांवर लघवीत प्रथिनं किंवा सोनोग्राफीत काही दोष दिसला तरच आजार म्हणतात, आणि हे सगळं तीन महिन्यांहून जास्त टिकलं तरच त्याला जुनाट म्हणायचं. एका रिपोर्टवर घाबरू नये, एका रिपोर्टवर निश्चिंतही होऊ नये.

आणि दुखतं काय? काही नाही. तिसऱ्या पायरीपर्यंत मी ऑफिसची मार्चअखेर रात्री जागून करत होते. बीपी तेवढं वाढलेलं. किडनी बिघडली की बीपी वाढतं आणि बीपी वाढलं की किडनी आणखी बिघडते, असं ते चक्र आहे. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या जातीतल्या, गाळण्यांवरचा दाब कमी करतात म्हणून खास देतात. अलीकडे डापाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची गोळी शुगर नसलेल्या किडनीच्या पेशंटांनाही देतात, कारण तिने आजाराचा वेग कमी होतो असं २०२० मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. माझ्यासारख्या फोडांच्या आजाराच्या पेशंटांना मात्र त्या चाचणीत घेतलेलं नव्हतं. गेलेल्या गाळण्या परत आणणारं औषध कुठेच नाही. सेंटरच्या गेटबाहेर ‘क्रिएटिनिन उतरवून देतो’ अशी पत्रकं वाटणारा एक इसम उभा असतो. त्याला हाकलायचं सोडून वॉचमन त्याच्याशी चहा पितो. याचा पाव तारा कापला.

खुर्च्यांवर शेजारी कोण आहे हे बघितलं की कारणं आपोआप कळतात. निम्म्याहून जास्त लोक शुगरचे. माझ्या उजवीकडचे काका पलूसकडचे, उसाची शेती. शुगर अठरा वर्षांची. आधी डोळ्यांना लेझर झालं, मग लघवीला फेस यायला लागला, मग पाय सुजले. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि किडनीतल्या गाळण्या, दोन्हींना शुगर एकाच पद्धतीने पोखरते. डोळ्याच्या डॉक्टरकडे लेझरची वेळ आली की लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यायलाच हवं. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर असं त्या तपासणीचं लांबलचक नाव आहे, तीसच्या आत असलं तर ठीक. सकाळची थोडी लघवी लागते, सुई नाही, उपास नाही. शुगर आणि बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ती करावी, असं सगळे डॉक्टर सांगतात आणि आमच्या खुर्च्यांवरच्या फारच थोड्यांनी ती कधी केलेली.

पलीकडे सांगलीच्या हळदीच्या पेठेतले एक हमाल. पाठ दुखायची म्हणून वर्षानुवर्षं दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेऊन खात होते, रोज, उपाशीपोटी, घामाने पाणी गेलेलं असताना. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. अधूनमधून एखादी घेतली तर चांगल्या किडनीचं काही बिघडत नाही. रोज घेतली, त्यात बीपीची गोळी आणि वर उन्हातलं काम, की मग किडनी वाचत नाही. त्यांना हे पाचव्या पायरीवर कोणीतरी सांगितलं. गोळी देणाऱ्या दुकानदाराला सांगितलं की नाही, कोण जाणे.

आणि एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता. घसा धरला की दोन दिवसांत लघवी कोकच्या रंगाची व्हायची. आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे प्रतिकारशक्तीतलाच एक घटक गाळण्यांत साठून त्या सुजण्याचा आजार, निघाली, तेही बायोप्सी केल्यावर. त्याच्या आईने किडनी दिली, तो आता खुर्चीवर नाही. गोळ्या जन्मभर, पण पाणी पोटभर पितो! आमच्यातल्या सगळ्यांना त्याचा हेवा त्या पाण्याचाच वाटतो.

आता तक्रार. मोठी.

वेळ चोरतात. पहिली पाळी सहाला सुरू व्हायची, सुई लागून मशीन फिरेपर्यंत साडेसहा होतात. दुसऱ्या पाळीचे लोक साडेनऊपासून बाहेर बाकावर येऊन बसतात, आणि मग आतल्यांना लवकर सोडायची घाई सुटते. चार तासांचे पावणेचार, कधी साडेतीन. पेशंटही खूश असतात, कोणाला एसटी गाठायची असते, कोणाला वडाप. मी मशीनच्या पडद्यावरची वेळ वहीत टिपते. वीस मिनिटं दर वेळी गेली तर आठवड्याचा तास गेला. वर सांगितलेल्या बारातला एक.

याने काय बिघडतं ते कागदावर दिसतं. डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्तातला युरिया तपासतात. तो किमान ६५ टक्के उतरला पाहिजे. साडेतीन तासांच्या दिवशी माझा १२८ वरून ४६ वर आला. म्हणजे ६४. एक टक्क्यासाठी काय भांडायचं, असं मॅनेजर म्हणाले. पतसंस्थेत एक टक्क्यासाठी माणसं पोलिसांत जातात, असं मी म्हटलं. त्यानंतर माझे चार तास पूर्ण होतात. बाकीच्यांचे होतात की नाही ते त्यांनीच विचारायचं.

वेळ कमी झाली की दुसरा घोटाळा पाण्याचा. लघवी जवळजवळ होत नाही, तेव्हा प्यायलेलं, खाल्लेलं सगळं पाणी अंगात साठतं आणि मशीनने ओढून काढावं लागतं. माझं कोरडं वजन, म्हणजे जादाचं पाणी काढून टाकल्यावरचं, ५४ किलो. सोमवारी दोन-अडीच किलो वाढून येते, कारण शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा खंड. हा खंडच सगळ्यात धोक्याचा असतो. किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर पाणी ओढू नये, नाहीतर हृदयावर ताण येतो. माझ्या वजनाला चार तासांत जास्तीत जास्त पावणेतीन लिटर जमतं. तेवढंच पाणी तीन तासांत काढायला गेलं की बीपी धाडकन पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्या काकांचा आवाज एकदम बसला की मी हाक मारते. सिस्टर लगेच येतात, पाय वर करतात, सलाइन सोडतात. सिस्टरबद्दल कधीही तक्रार नाही.

कोरडं वजन हा आकडाही तपासत राहावं लागतो. भूक सुधारली की खरं मांस चढतं, मग जुन्याच वजनावर पाणी ओढलं तर माणूस पिळून निघतो. उलट, आजारपणात माणूस वाळतो आणि जुनं वजन धरलं तर पाणी आत राहतं, रात्री आडवं पडलं की धाप लागते. आमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, दर महिन्याला पायावर अंगठा दाबून, छाती ऐकून तो बदलतात. डॉक्टरांना पूर्ण मार्क. एकाला चार मिनिटं देतात, पण ती चार मिनिटं फोन उचलत नाहीत.

जेवणाचा तक्ता देतात तो मात्र फाडून टाकावा असा. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या आहारतज्ज्ञाने केलेला, इंग्रजीत, त्यात ब्रोकोली आणि किनोआ. जतच्या बाजूने येणाऱ्या म्हाताऱ्याने किनोआ कुठून आणायचा? अर्धे पेशंट अथणी, कागवाडकडचे, कन्नड बोलणारे, त्यांना तर इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही. मिरजेत बसून कन्नड तक्ता ठेवायला काय लागतं? आणि आमच्या तोंडी जे खरंच पडतं त्याचा पत्ताच नाही. तासगावच्या माणसाला सांगायला हवं ते बेदाण्याबद्दल. घरोघरी डबा भरलेला असतो, येता-जाता चार तोंडात. बेदाण्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, तसंच गुळात, शहाळ्यात, केळ्यात, बटाट्यात, पालेभाजीत. चांगली किडनी जादाचं पोटॅशियम बाहेर टाकते. आमचं रक्तातच राहतं, सहाच्या वर गेलं की पायातलं बळ जातं, आणखी वर गेलं की हृदय थांबू शकतं. दुखत नाही, खुपत नाही, सूचना मिळेलच असं नाही. बटाटा आणि भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं, ही युक्ती मला सिस्टरने सांगितली, तक्त्याने नाही. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे महाग पाकीट मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते आमच्यासाठी नेहमीच्या मिठाहून वाईट. हेही तक्त्यात नाही.

उलट प्रथिनांचं. डायलिसिसच्या आधी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगतात, कारण किडनीवरचं ओझं हलकं करायचं असतं. डायलिसिस सुरू झालं की उलटं, कारण मशीनमधून अमिनो आम्लं वाहून जातात. आता किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. ज्यांनी वर्षानुवर्षं भीतीपोटी आमटीचं नुसतं पाणी प्यायलं, त्यांना हे पटवायला घाम फुटतो. अंड्याचा पांढरा भाग उत्तम. मी सकाळी डब्यात दोन घेऊन जाते. डायलिसिस चालू असताना मात्र खात नाही. तेव्हा रक्त पोटाकडे धावतं आणि बीपी पडतं.

किडनी फक्त गाळत नाही, हे मला रक्त कमी झालं तेव्हा कळलं. हाडांच्या मगजाला रक्त तयार करायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच बनतं. ते आटलं की हिमोग्लोबिन उतरतं. माझं आठवर आलं होतं. जिना चढताना मध्ये थांबून मी शेजारणीच्या तुळशीचं कौतुक करायचे. आता इंजेक्शन घेते, सोबत शिरेतून लोह. ड जीवनसत्त्वाला कामाला लावणारीही किडनीच. ती थकली की कॅल्शियम बिघडतं, फॉस्फरस साठतो, हाडं ठिसूळ होतात आणि अंगाला अशी खाज सुटते की रात्री झोप नाही. फॉस्फरस बांधून ठेवायची गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवणानंतर तासाने घेतली तर उपयोग शून्य. इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. सेंटरचा फ्रिज चांगला आहे, आत थर्मामीटर आहे, डबे पेशंटवार लावलेत. फक्त इंजेक्शन त्यांच्याच मेडिकलमधून घ्यावं असा आग्रह धरतात. मी बाहेरून बर्फाच्या डब्यात आणते आणि त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.

संसर्गाच्या बाबतीत काटेकोर आहेत. कावीळ ब असलेल्यांचं मशीन वेगळ्या खोलीत, स्टाफही त्या पाळीत वेगळा. कावीळ ब ची लस आमच्यासारख्यांना दुप्पट डोसची द्यावी लागते, ती सुरुवातीलाच आठवणीने दिली. डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. त्यावर पेशंटचं नाव असतं. नाव स्वतः वाचायचं, मोठ्याने, रोज. माझ्या वाचण्याला आधी हसायचे, आता पलूसचे काकाही वाचतात.

पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. खिडकीवरचा आरोग्यमित्र कामाचा माणूस आहे, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं ते पटापट सांगतो. जिल्हा रुग्णालयांमध्ये २०१६ पासूनच्या केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमाचीही सोय असते. ज्यांना परवडत नाही त्यांनी आधी तिथे चौकशी करावी.

अर्धा तारा आणखी कापलाय तो एका गप्प बसण्याबद्दल. प्रत्यारोपणाचं हे लोक स्वतःहून बोलत नाहीत. घरी पोटातून करायचं डायलिसिस असतं, त्याचंही नाही. आम्ही सगळे जन्मभर इथेच येणार, असं गृहीत धरून कारभार चालतो. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. १९९४ च्या कायद्याने जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात. माझ्या घरात भावाला तोच आजार, नवऱ्याला शुगर, बहिणीचं वजन आणि बीपी आडवं आलं. मुलीचं मी घेणार नाही. तिच्यात हा आजार आलाय की नाही हे आधी बघावं लागेल आणि ते बघायचं की नाही हे तिने ठरवायचंय. म्हणून पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत, मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी, नाव घातलं. पण न विचारणाऱ्या हमालाला हे कोण सांगणार?

आणखी एक सुचवणं आहे, मॅनेजरना लेखी दिलंय. बाहेरच्या बाकावर आमचे नातेवाईक चार-चार तास बसून असतात. पेशंटांचे मुलगे, भाऊ, सुना. यातल्या बऱ्याच घरांत शुगर आणि बीपी रक्तातच आहे. एक बीपीचं मशीन आणि लघवीच्या तपासणीची सोय तिथे ठेवली, तर उद्या याच खुर्च्यांवर येणारी चार माणसं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच सापडतील. उत्तर आलं, ‘विचार करू.’

नवीन कोणी लागणार असेल तर सकाळची पाळी मागा, ती भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि दर आठवड्याला आठवण करा. पहिल्या दिवशी प्लँटची वही बघा. मशीन सुरू झालं आणि थांबलं की पडद्यावरची वेळ टिपा. महिन्याच्या रक्ततपासणीची प्रत मागून घ्या, आपणहून देत नाहीत. खिडकीजवळची शेवटची खुर्ची नको म्हणा, एसीचा झोत थेट अंगावर येतो. रक्त शरीराबाहेर फिरत असताना तशीही थंडी वाजते आणि त्यांच्या चादरी पातळ आहेत. घरची सोलापुरी चादर न्या, धुतलेली, नाव घालून. कँटीनचं उप्पीट बरं असतं, पण मीठ फार.